बर्फाळ रस्ते आणि आलिशान एसयूव्ही : दुर्मीळ मापाचे हिवाळी टायर शोधावेत कसे?

जबलपूर : येथील राइट टाउनसारख्या वस्त्यांत दोन-अडीच टन वजनाच्या आलिशान एसयूव्ही आता अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहीत. डिसेंबर उजाडला, की त्यांपैकी काही गाड्या सहकुटुंब हिमाचल प्रदेश किंवा काश्मीरच्या दिशेने निघतात. जबलपूर ते मनाली हे अंतर तेराशे किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्या प्रवासाची तयारी करताना इंजिन तेल, बॅटरी, ब्रेक यांची तपासणी होते. टायरचा विषय मात्र ‘नक्षी शिल्लक आहे ना’ एवढ्यावर संपतो. ज्यांना बर्फासाठी वेगळे टायर असतात हे ठाऊक असते, त्यांची अडचण निराळीच असते. गाडीला २१ किंवा २२ इंची चाके असतात आणि त्या मापाचे हिवाळी टायर जबलपुरातच काय, दिल्लीतही सहजी मिळत नाहीत.

हा प्रश्न केवळ जबलपूरचा नाही. पुणे, नागपूर, इंदूर, बंगळुरू अशा कोणत्याही शहरातून हिमालयाकडे निघणाऱ्या वाहनधारकापुढे तो उभा राहतो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दुर्मीळ माप मिळवण्यात नसते. त्याच गाडीला निर्मात्याने मान्य केलेले दुसरे, सुलभ माप कोणते, हे शोधण्यात ते असते. आणि तेही शक्य नसेल, तर बर्फाच्या शेवटच्या टप्प्यासाठी प्रवासाचा वेगळा मार्ग निवडणे शहाणपणाचे ठरते.

टायर ‘हिवाळी’ कशामुळे ठरतो?

भारतात विकल्या जाणाऱ्या आलिशान गाड्यांना सामान्यतः उन्हाळी प्रकारचे टायर असतात. त्यांचे रबर उष्ण रस्त्यावर टिकाव धरण्यासाठी बनवलेले असते. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की हे रबर हळूहळू ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणाशी जुळवून घेण्याची त्याची क्षमता घटते. हिवाळी टायरच्या रबराचे मिश्रण थंडीतही लवचीक राहील असे असते. त्यात सिलिकाचे प्रमाण लक्षणीय असते.

दुसरा फरक नक्षीचा. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर असंख्य बारीक चिरा असतात. त्या बर्फात रुततात आणि काही बर्फ स्वतःत धरून ठेवतात. बर्फावर बर्फ चांगला घट्ट बसतो, हे मुलांनी केलेला बर्फाचा गोळा पाहिला तरी लक्षात येते. तोच गुण येथे पकडीसाठी वापरला जातो.

ही कल्पना जुनी आहे. फिनलंडमधील आजच्या नोकियन कंपनीच्या पूर्वज कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी आणि १९३६ मध्ये मोटारींसाठी हिवाळी टायर बाजारात आणले. आज खरा हिवाळी टायर ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या बाजूवर कोरलेले तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह. दाबलेल्या बर्फावरील पकडीची ठरावीक चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच ते कोरता येते. ‘एम अधिक एस’ ही अक्षरे मात्र केवळ चिखल-बर्फासाठीची नक्षी असल्याचा निर्मात्याचा दावा सांगतात. त्यामागे तशी चाचणी असेलच असे नाही. अनेक एसयूव्हींच्या मूळ टायरवर ही अक्षरे असतात आणि मालकाचा गैरसमज तेथूनच सुरू होतो.

चारही चाकांना शक्ती, पण थांबण्याचे काय?

‘गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे, टायरची चिंता कशाला?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. चारही चाकांना शक्ती मिळाल्याने गाडी जागेवरून निघते आणि चढ चढते, हे खरे. परंतु ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच. थांबताना किंवा वळताना या व्यवस्थेचा फारसा लाभ होत नाही. तेथे रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षणच काय ते कामी येते.

साध्या गणिताने हे स्पष्ट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला सपाट, कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर थांबायला सुमारे ८ मीटर लागतात. येथे घर्षणगुणांक ०.८ धरला आहे. दाबल्या गेलेल्या बर्फावर तो ०.३ मानला, तर हे अंतर २१ मीटर होते. गुळगुळीत गोठलेल्या थरावर तो ०.१ पर्यंत उतरला, तर तब्बल ६३ मीटर. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर यात धरलेलेच नाही. तेवढ्या एका सेकंदात गाडी आणखी ११ मीटर पुढे गेलेली असते.

आता रस्ता उताराचा असेल आणि दर २० मीटरला एक मीटर खाली जात असेल, तर गोठलेल्या थरावरील ६३ मीटरांचे १२६ मीटर होतात. उतार दर १० मीटरला एक मीटर इतका असेल, तर घर्षणाचे बळ आणि उताराची ओढ समसमान होतात. अशा वेळी ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. गाडी किती महाग, किती जड, याला या समीकरणात स्थान नाही. म्हणूनच हिवाळी टायरदेखील निव्वळ गोठलेल्या थरावर चमत्कार करत नाही. बर्फावर तो पकड स्पष्टपणे वाढवतो, गोठलेल्या थरावर थोडीफार. वेग कमी ठेवणे आणि अंतर राखणे याला पर्याय नाही.

अटल बोगद्याचे दक्षिण तोंड समुद्रसपाटीपासून ३,०६० मीटर उंचीवर आहे. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाल्यापासून हिवाळ्यातही लाहौलपर्यंत पोहोचण्याची सोय झाली आणि पर्यटकांची गर्दी वाढली. डिसेंबर २०२४ मध्ये सोलांग आणि बोगद्याच्या दरम्यान हिमवर्षावामुळे शेकडो वाहने अडकली आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली. हिमवर्षावानंतर अशा मार्गांवर फोर व्हील ड्राइव्ह किंवा साखळ्या लावलेल्या वाहनांनाच पुढे सोडण्याचा निर्णय स्थानिक प्रशासन घेते. ही अट किमान आहे. तीत उताराची हमी नाही.

माप दुर्मीळ का असते?

गेल्या दोन दशकांत आलिशान एसयूव्हींची चाके मोठी होत गेली. मोठी रिम आणि तिच्याभोवती पातळ टायर ही रचना देखणी दिसते. मोठ्या ब्रेक डिस्कना जागाही मिळते. मात्र चाकाची प्रत्येक नवी रुंदी, उंची आणि व्यास म्हणजे टायर कारखान्यासाठी एक स्वतंत्र साचा. ज्या मापाच्या थोड्याच गाड्या रस्त्यावर आहेत, त्यासाठी साचा तयार करणे परवडत नाही. त्यातही हिवाळी टायरची मागणी युरोपचा उत्तर भाग, कॅनडा, जपान अशा प्रदेशांत एकवटलेली आहे.

काही गाड्यांना पुढे आणि मागे वेगवेगळ्या रुंदीचे टायर असतात. उदाहरणार्थ, पुढे २७५ आणि मागे ३१५ मिलिमीटर. त्यामुळे एका गाडीसाठी दोन दुर्मीळ मापे शोधावी लागतात. शिवाय काही मोटार कंपन्या आपल्यासाठी खास जुळवलेल्या टायरवर स्वतःची खूण कोरून घेतात. त्या खुणेसह हिवाळी टायर हवा असेल, तर शोध आणखी अवघड होतो.

या चित्राला एक विरोधाभासाची किनार आहे. भारतातील अनेक आलिशान एसयूव्हींची जुळणी महाराष्ट्रातच होते. मर्सिडीज-बेंझचा कारखाना चाकणला आहे, तर ऑडीच्या गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे जोडल्या जातात. अपोलो टायर्स या भारतीय कंपनीने २००९ मध्ये नेदरलँड्समधील व्रेडेस्टाइन ही कंपनी घेतली आणि तिचे हिवाळी टायर युरोपात विकले जातात. गाडी येथे जोडली जाते, टायर कंपनीची मालकी भारतीय असते, तरीही त्या गाडीचा हिवाळी टायर भारतीय दुकानात दिसत नाही. कारण येथे मागणीच नगण्य आहे.

टायरवरील आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर ‘२७५/४५ आर २१ ११०’ असे लिहिलेले असल्यास २७५ ही मिलिमीटरमधील रुंदी होय. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. ‘आर’ हे अक्षर रेडियल रचनेचे निदर्शक आहे आणि २१ हा रिमचा इंचांतील व्यास. ११० हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरची वहनक्षमता १,०६० किलो असा होतो. १०७ म्हणजे ९७५ किलो आणि ११३ म्हणजे १,१५० किलो. त्यानंतरचे अक्षर वेगमर्यादा दाखवते. ‘एच’ ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ २४०, ‘डब्ल्यू’ २७०.

हिवाळी टायरची वेगमर्यादा मूळ टायरपेक्षा कमी असणे नेहमीचे आहे आणि युरोपात काही अटींवर त्याला मुभाही आहे. भारांकाच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. सामान, माणसे आणि स्वतःचे वजन मिळून तीन टनांच्या जवळ जाणाऱ्या गाडीला कमी भारांकाचा टायर लावणे म्हणजे एक धोका टाळण्यासाठी दुसरा ओढवून घेणे.

शोधाची खरी दिशा : लहान रिम

बहुतेक मोटार कंपन्या एकाच गाडीला दोन, तीन किंवा अधिक व्यासांची चाके मान्य करतात. लँड रोव्हरची डिफेंडर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. या गाडीसाठी २५५/६० आर २०, २५५/६५ आर १९ आणि २५५/७० आर १८ अशी मापे वापरली जातात. रिमचा व्यास दोन बाजूंच्या भिंतींच्या उंचीत मिळवला, तर तिन्ही चाकांचा एकूण व्यास सुमारे ८१४ मिलिमीटरच येतो. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. रिम लहान झाली तेवढीच रबराची भिंत उंच झाली. गाडीची जमिनीपासूनची उंची बदलत नाही आणि वेगमापकही चुकत नाही.

हेच गणित इतर गाड्यांनाही लावता येते. २७५/४५ आर २१ या चाकाचा एकूण व्यास सुमारे ७८१ मिलिमीटर आहे, तर २७५/५० आर २० चा ७८३ मिलिमीटर. २१ इंची हिवाळी टायर मिळत नसेल, तर २० इंचीचा शोध घेणे अधिक फलदायी ठरू शकते. लहान रिमवरील उंच भिंतीचा टायर खड्ड्यांचा मार अधिक सोसतो, रिम वाकण्याची शक्यता कमी करतो आणि सहसा स्वस्तही असतो.

येथे तीन मर्यादा पाळाव्या लागतात. पहिली, लहान रिम ब्रेकच्या भागांना घासता कामा नये. शक्तिशाली इंजिनाच्या आवृत्तीत ब्रेक मोठे असतात. त्यामुळे त्याच नावाच्या साध्या आवृत्तीला बसणारी रिम तेथे बसेलच असे नाही. दुसरी, बोल्टमधील अंतर, मधल्या छिद्राचा व्यास आणि रिमची आत-बाहेरची बैठक तंतोतंत जुळली पाहिजे. तिसरी मर्यादा कायद्याची. नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार प्रतिबंध आहे. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असलेले माप हीच सुरक्षित निवड. नसल्यास कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी खातरजमा करून घ्यावी.

आयातीचा मार्ग आणि त्याचे नियम

परदेशातील नातेवाइकांकडून टायर मागवावेत, असा विचार अनेकांच्या मनात येतो. जर्मनी किंवा कॅनडात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी वर्षातून दोनदा टायर बदलणे हा नित्याचा भाग आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. तेथील दुकानांत जे माप सहज मिळते, ते भारतात आणणे मात्र तितके सोपे नाही.

भारतात वाहनांच्या हवा भरण्याच्या टायरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू असून त्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह आवश्यक ठरते. मोटारींच्या टायरसाठी आयएस १५६३३ हे मानक आहे. याशिवाय १२ जून २०२० रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने अनेक प्रकारच्या नव्या टायरची आयात ‘मुक्त’ गटातून ‘निर्बंधित’ गटात टाकली. त्यामुळे परवान्याशिवाय आयात करता येत नाही. वैयक्तिक पार्सल सीमाशुल्क विभागात अडकण्याची शक्यता त्यामुळे मोठी आहे. व्यवहार्य मार्ग म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे किंवा टायर कंपनीच्या भारतीय कार्यालयाकडे मोसमाच्या दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवणे. नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे. खर्चाचा अंदाज घेताना तो ध्यानात घ्यावा.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

दुर्मीळ मापाचे टायर गोदामात वर्षानुवर्षे पडून राहतात. म्हणून उत्पादनाची तारीख पाहणे अगत्याचे आहे. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. ‘४०२३’ म्हणजे २०२३ मधील चाळिसावा आठवडा. जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते आणि हिवाळी टायरचा मुख्य गुणच लवचीकपणा आहे.

वापरलेले टायर घेताना नक्षीची खोली मोजावी. मोटारींसाठी कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. परंतु बर्फावर ४ मिलिमीटरच्या खाली हिवाळी टायरचा उपयोग झपाट्याने घटतो. ऑस्ट्रियासारख्या देशात हिवाळी टायर म्हणून मान्यता मिळण्यासाठी तेवढी खोली लागतेच. टायर नेहमी चारही एकाच जातीचे घ्यावेत. दोनच हिवाळी टायर लावले, तर गाडीच्या एका टोकाची पकड दुसऱ्यापेक्षा जास्त होते आणि वळणावर ती गरगर फिरू शकते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत चाकांच्या परिघात फरक असल्यास शक्ती वाटणाऱ्या यंत्रणेवरही ताण येतो. स्टेपनीचाही विचार हवा. दुर्मीळ मापाचा टायर डोंगरात फुटला, तर जवळच्या गावात बदली मिळणार नाही.

टायर मिळालेच नाहीत तर?

साखळ्या हा जुना आणि परिणामकारक उपाय आहे. मात्र दुर्मीळ माप येथेही आडवे येते. रुंद, पातळ टायर आणि सस्पेन्शनचे भाग यांत साखळीला पुरेशी जागा नसते. त्यामुळे अनेक पुस्तिकांत ठरावीक, अरुंद मापांवरच साखळी लावण्याची परवानगी असते. कोणत्या चाकांवर लावायची, हेही तेथेच दिलेले असते. साखळी लावल्यावर वेग सर्वसाधारणपणे ताशी ५० किलोमीटरच्या आतच ठेवायचा असतो आणि बर्फ संपताच ती काढावी लागते. जागा कमी असल्यास टायरवर चढवायचे कापडी आवरण हा पर्याय आहे. २०२० च्या एन १६६६२-१ या युरोपीय मानकाची त्यावर नोंद आहे का, ते पाहावे. दोन्हींचा सराव घराच्या अंगणातच करून घ्यावा. उणे तापमानात, अंधारात आणि मागे वाहनांची रांग लागलेली असताना तो शिकणे कठीण जाते.

टायरमधील हवेकडेही लक्ष हवे. २५ अंशांवरून उणे ५ अंशांवर गेल्यास टायरमधील दाब साधारण ५ पीएसआयने उतरतो. उंचीवर बाहेरील हवेचा दाब कमी असल्याने मापकावर ही घट अंशतः झाकली जाते. म्हणून मुक्कामी सकाळी, गाडी थंड असताना दाब तपासून पुस्तिकेनुसार भरावा. पकड मिळावी म्हणून बर्फात हवा मनमानी कमी करणे पातळ टायरला घातक ठरते.

जबलपूरकरांसाठी हिशोब

जबलपुरात जानेवारीतही दुपारचे तापमान २५ अंशांच्या आसपास असते आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो. हिवाळी टायर येथे वर्षभर वापरला, तर त्याचे मऊ रबर लवकर झिजते आणि उष्ण रस्त्यावर ब्रेकचे अंतरही वाढते. म्हणजे हे टायर वेगळ्या रिमवर बसवून, मोसमापुरते वापरण्याचीच वस्तू आहेत. दरवर्षी अनेक आठवडे बर्फाळ प्रदेशात गाडी चालवणाऱ्याला लहान रिमसह दुसरा संच घेणे परवडेल. दोन-तीन वर्षांतून एकदा जाणाऱ्याने डोंगर-हिमकण चिन्ह असलेल्या बारमाही टायरचा, तोही निर्मात्याने मान्य केलेल्या मापात, विचार करावा. तो दोन्ही ऋतूंत मध्यम कामगिरी करतो, पण बर्फावर उन्हाळी टायरपेक्षा निश्चितच सरस ठरतो.

आणि आयुष्यात एकदाच बर्फ पाहायला निघालेल्या कुटुंबासाठी सर्वांत स्वस्त हिवाळी टायर म्हणजे स्थानिक टॅक्सी. आपली गाडी चंदीगड किंवा मनालीत ठेवावी, अथवा जबलपूरहून रेल्वेनेच निघावे आणि बर्फाचा टप्पा साखळ्या बाळगणाऱ्या स्थानिक चालकावर सोपवावा.

लष्करी वाहनांसाठी नाव कमावलेल्या या शहराला हे तत्त्व नवे नाही. येथील व्हेईकल फॅक्टरी १९६९ पासून सैन्यासाठी वाहने तयार करत आली आहे. ‘जोंगा’ या गाडीच्या नावातच जबलपूरचे आद्याक्षर आहे. त्या गाड्यांची चाके दिखाऊ नव्हती. उंच भिंतीचे, खडबडीत नक्षीचे टायर हेच त्यांचे वैशिष्ट्य. दुर्गम भागात जाणाऱ्या वाहनाचे चाक कसे दिसते यापेक्षा ते बदलायला दुसरे मिळेल का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. आलिशान एसयूव्हीच्या मालकानेही हिमालयाकडे निघण्यापूर्वी मालकाची पुस्तिका उघडून हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.